१९०७ सालची सिस्टर, मीठ खात्यातला कारकून आणि अडलेला शेवट

सुरंगी (धागाकर्ती) · ९ जून, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवीय. दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय, अठरा प्रकरणं झाली आणि शेवटापाशी येऊन घोडं अडलंय.

साल १९०७. वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठचं एक गाव, गाव मी मनानंच वसवलंय. तिथं बेल्जियमहून आलेल्या चार सिस्टर मुलींची शाळा आणि एक छोटा दवाखाना चालवतात. त्यातली सगळ्यात धाकटी, वय २९, ती माझी नायिका. नायक मीठ खात्यात कारकून, बायको वारलेली, सात वर्षांची मुलगी सिस्टरांच्या शाळेत जाते. त्या पोरीला क्रोशे शिकवता शिकवता, तिच्या तापात रात्री जागता जागता या दोघांचं जे व्हायचं ते होतं. सतराव्या प्रकरणापर्यंत एकमेकांचा हातसुद्धा धरलेला नाही.

पाच-सहा जणांना वाचायला दिलं तर त्यांच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतात तिला त्या कैदेतून बाहेर काढ, दुसरे म्हणतात तिनं व्रत मोडलं तर आम्ही वही मिटून ठेवू. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही.

हे का लिहितेय तेही सांगते. माझी पणजी लहानपणी दोन वर्षं मुंबईला सिस्टरांच्या बोर्डिंगात होती. तिथल्या एका सिस्टरनं तिला क्रोशे शिकवलं आणि एक दिवस ती सिस्टर दिसेनाशीच झाली. कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही आणि मुलींनी विचारायचंही नाही. पणजी नव्वदीपर्यंत तिची आठवण काढायची आणि आठवण काढताना आवाज खाली करायची. त्या सिस्टरच्या हाताखाली केलेला क्रोशेचा तुकडा माझ्याकडे आहे. तिचं काय झालं असेल हे मला पणजीला सांगायचं होतं. पणजी गेली, म्हणून कादंबरी.

तर सांगा, तिनं काय करावं?

खाडीवरचा · ९ जून, रात्री १०:२०

लग्न लाव. कोकणातल्या गोष्टीत कुणीतरी एकदा सुखी होऊ दे.

माडाखाली · ९ जून, रात्री १०:३१

मी दुसऱ्या तटात. तिनं परत जावं आणि त्यानं बंदरावर उभं राहून आगबोट दिसेनाशी होईपर्यंत बघत बसावं. मी आत्ताच रडतेय.

ब्रिजेट_वसई · १० जून, सकाळी ७:०५

सुरंगी, विषय माझ्या घरातला आहे म्हणून सविस्तर लिहिते. माझी सख्खी आत्या सिस्टर आहे, व्रत घेऊन बावन्न वर्षं झाली. आमच्या वसईत घरटी नाही तरी दर चार घरांमागे एक सिस्टर किंवा फादर निघेल.

पहिली गोष्ट, कादंबरीच्या तुकड्यात तू लिहितेस ‘दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली’. कुठली दीक्षा? आधी उमेदवारी असते, मग नोव्हिस म्हणून काळ काढायचा, मग पहिली व्रतं, तीही मुदतीची, आणि मग कधीतरी अखेरची, जन्मभराची. मुदतीच्या व्रतांत असलेली मुलगी मुदत संपली की निघू शकते, जन्मभराची घेतलेलीचं प्रकरण एकदम वेगळं. तुझी नायिका यातल्या कुठल्या पायरीवर आहे त्यावर सगळी कादंबरी फिरते बघ. मी तर म्हणेन की तिची अखेरची व्रतं तोंडावर आहेत असं कर.

दुसरी, व्रतं तीन असतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. बाहेरच्या लोकांना मधलंच दिसतं. आत्या म्हणते ब्रह्मचर्य सवयीचं होतं, दारिद्र्याचं तर काहीच वाटत नाही, सगळ्यात जड जातं ते आज्ञापालन. तिला शाळा आवडायची, पाठवलं स्वयंपाकघर बघायला. तिला समुद्र लागायचा, पाठवलं विदर्भात. ‘बॅग भर’ म्हटलं की भरायची.

आणि तिची बॅग म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. मागच्या मे महिन्यात ती घरी आली होती तेव्हा मी ती ट्रंक आवरायला बसले. दोन झगे, एक स्वेटर, प्रार्थनेचं पुस्तक, बाबांचा पासपोर्ट साइझ फोटो, आणि एका रुमालात गुंडाळलेली सुईदोऱ्याची डबी. तळाला काही नाही. बावन्न वर्षांत साठलेलं एवढंच. मला भडभडून आलं तर आत्या म्हणाली अगं हलकी आहे म्हणून तर मला एकटीला उचलता येते.

तेव्हा ‘कैद’ हा शब्द वाचला की मला राग येतो. क्षमा असावी.

खाडीवरचा · १० जून, सकाळी ७:४०

ब्रिजेटताई, माझा शेरा मागे घेतो. ट्रंकेचं वाचून गप्प झालो.

कागदपत्रं · १० जून, सकाळी ११:१८

सुरंगी, मी इतिहासवाला माणूस, प्रेमाचं मला विचारू नकोस, पण तपशिलात चुकलीस तर वाचक सोडणार नाहीत म्हणून लिहितो.

तू फेसबुकवर टाकलेल्या तुकड्यात एक जुनी सिस्टर सांगते की ‘आमच्यासारख्याच बहिणी पूर्वी वसईच्या किल्ल्यात राहत’. चूक. वसईच्या किल्ल्यातले ते मोठाले पडके मठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा पुरुष संन्याशांचे. बायकांचा मठ बघायचा तर जुन्या गोव्याला जा, सांता मोनिका. १६०६ ला आर्चबिशप मेनेझिश यांनी स्थापला, १६२७ ला इमारत पुरी झाली, १६३६ ला आग लागून पुन्हा बांधली. पण तिथल्या बाया कोंडून घेतलेल्या, एकदा आत गेली की बाहेरचा रस्ता दिसायचा नाही. शाळा नाही, दवाखाना नाही. पुढं १८३४ नंतर पोर्तुगालनं धार्मिक संघच बंद केले, नवीन मुली घ्यायला मनाई झाली, आणि आत होत्या त्या एकेक करून म्हाताऱ्या होत गेल्या. शेवटची नन १८८५ ला वारली. एवढ्या अजस्र वास्तूत एकटी राहिलेली शेवटची म्हातारी, कादंबरी खरी तिच्यावर लिहायला हवी.

तुझी नायिका गावोगाव फिरून काम करणारी सिस्टर, ही जातच वेगळी, एकोणिसाव्या शतकातली. या बायकांची व्रतं साधी, मठातल्या नन्सची व्रतं सोलेम म्हणजे महाव्रतं. रोमनं या कामकरी सिस्टरांच्या संघांना खऱ्या अर्थानं संन्यासिनी मानलं ते १९०० साली, पोप तेराव्या लिओच्या आदेशानं. आणि हा फरक तुझ्या फार कामाचा आहे. तेव्हाच्या चर्चच्या कायद्यात महाव्रत घेतलेलीनं लग्न केलं तर ते लग्नच नव्हे, रद्दबातल. साधं जन्मव्रत मोडून केलं तर पाप, गुन्हा, सगळं, पण लग्न लागलेलं असे. म्हणजे तुझ्या नायिकेपुढं दार खरोखर उघडं आहे. बंद दारासमोर बसून रडणं सोपं असतं.

आणखी एक, कौलं. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशननं मंगळुरात १८६५ ला काढला. १९०७ ला कॉन्व्हेंटवर मंगलोरी कौल चालेल, पण मागं जाऊन तिथं १८५० सालचं जुनं चर्च दाखवतेस त्यावर नळ्याची कौलं घाल.

पेजभात · १० जून, दुपारी १२:०२

कौलापर्यंत कोण बघतंय हो.

कागदपत्रं · १० जून, दुपारी १२:०९

मी.

डॉ_कुडाळ · १० जून, दुपारी ३:४४

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुरंगीनं मला मागं सातवं प्रकरण पाठवलं होतं त्यावर एक मोठी हरकत आहे, तेव्हा सांगायचं राहिलं.

सातव्या प्रकरणात नायकाची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आषाढातली रात्र, सुईण खाडीपलीकडे, होडी बंद, आणि सिस्टर येऊन बाई मोकळी करते. वर्णन उत्तम आहे, आडवं मूल फिरवतानाचं तर मी दोनदा वाचलं. पण १९०७ ला सिस्टरला बाळंतपण करायला बंदी होती. गावातल्या बाप्यांची नव्हे, रोमची. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईनं प्रसूतीला हात लावायचा नाही, वैद्यकीही करायची नाही, असा दंडक. ही बंदी उठली ११ फेब्रुवारी १९३६ ला.

आणि ती उठली त्यात आपल्या देशाचा मोठा हात आहे. ॲना डेंगल म्हणून ऑस्ट्रियन डॉक्टर बाई, १९२० च्या सुमारास रावळपिंडीला काम करत होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जायच्या नाहीत, मरायच्या पण जायच्या नाहीत. सिस्टर शिकलेल्या असत, शेजारी उभ्या असत, आणि त्यांना हात लावायची मुभा नसे. डेंगलबाईंनी १९२५ ला अमेरिकेत डॉक्टर-नर्स बायकांचा संघ काढला, अकरा वर्षं पूर्ण व्रतं न घेता काम केलं, तेव्हा कुठं १९३६ उजाडलं.

मी रोज प्रसूती करते. शेजारच्या खोलीत बाई अडलीय आणि मला दाराबाहेर उभं राहून माळ जपायचीय, अशी कल्पना केली तरी हाताला घाम सुटतो. त्यामुळे ते प्रकरण काढ असं मी म्हणत नाही. पण तिनं काय केलं हे तिला माहीत होतं, असं लिही.

ब्रिजेट_वसई · १० जून, दुपारी ४:१०

डॉक्टर, हे मला ठाऊक नव्हतं! आणि त्यात भर घाला, त्या काळी सिस्टर एकटी रात्रीची बाहेर पडायची नाही, कायम जोडीनं. म्हणजे त्या खोलीत दुसरी सिस्टर होती. तिनं बघितलंय.

सुरंगी · १० जून, दुपारी ४:३८

थांबा थांबा. मला जरा बसू दे. डॉक्टर, ब्रिजेट, तुम्ही दोघींनी माझी अख्खी कादंबरी उलटी केलीत. मी दोन वर्षं समजत होते की तिचं पहिलं मोडणं सतराव्या प्रकरणात आहे, तो हात धरतो तिथं. ते तर सातव्यातच झालं. आणि मोडलं ते ब्रह्मचर्य नव्हे, आज्ञापालन.

वकीलकाका_मालवण · १० जून, संध्याकाळी ६:५५

अगो सुरंगी, माका कायदो कळता, बाकी तुमी बघा. तुजो नायक हिंदू आसा की किरिस्ताव?

सुरंगी · १० जून, संध्याकाळी ७:०१

हिंदू, काका.

वकीलकाका_मालवण · १० जून, संध्याकाळी ७:२२

बरा. मग ऐक. १८७२ चे दोन कायदे. एक नोंदणी लग्नाचा, त्यात दोघांनाही लिहून द्यावं लागायचं की आम्ही हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, अमुक नाही, तमुक नाही. तुझी नायिका तसलं लिहून देईल? मरेल पण देणार नाही. दुसरा ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट, त्याच वर्षाचा. त्यात दोघांतला एक जरी ख्रिस्ती असला तरी रजिस्ट्रारसमोर लग्न लागू शके. म्हणजे सरकारच्या दृष्टीनं वाट मोकळी. चर्चची वाट कागदपत्रं यांनी सांगितलीच, फक्त नवरा बाप्तिस्मा न झालेला म्हणून चर्चची खास परवानगी लागेल, नाहीतर चर्च ते लग्न मानणार नाही. राहिला गाव. त्याच्या जातीतले त्याला वाळीत टाकतील, पोरीचं लग्न जमणार नाही, तिच्या सिस्टर तिचं नाव घेणार नाहीत. पण ‘कायद्यानं शक्यच नव्हतं’ असं कुठल्या पात्राच्या तोंडी घालू नको, ते खोटं होईल.

रत्नांग्रीचा_आंबा · १० जून, रात्री ९:१५

तुम्ही सगळे वेंगुर्ल्यात अडकलात, जरा उत्तरेला या. १९०७ ला किनाऱ्यावर अशाच एका प्रेमाची चर्चा घरोघर असणार. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून आमच्या रत्नागिरीत कैदेत होता. त्याची थोरली राजकन्या बंगल्यावरच्या नोकरावर, गोपाळ सावंतांवर, जीव लावून बसली, त्यांचं घरदार होतं तरी. १९०६ ला मुलगी झाली, टुटू. राजाच्या घराची अब्रू, सरकारचा पहारा, काही आड आलं नाही. थिबा १९१६ ला वारला, कुटुंब परत गेलं, पण टुटू पुढं रत्नागिरीतच राहिली, इथंच संसार केला, साधी मराठी बाई म्हणून जगली आणि २००० च्या आसपास गेली. आमची आजी तिला बाजारात बघायची. गोवऱ्या थापायची म्हणे ती, राजाची नात.

तुझा नायक सरकारी कारकून, बदलीची माणसं येत-जात, त्याच्या कानावर हे नक्की आलं असणार. आणि ऐकून त्याला आधी भीतीच वाटली असणार, की असल्या प्रेमाचं बिल शेवटी लेकराच्या नावावर फाटतं.

माडाखाली · १० जून, रात्री ९:३३

शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

सह्याद्री_७ · ११ जून, सकाळी ८:४८

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मिशनरी बाई म्हटली की ती शाळा आणि दवाखाना कशासाठी काढते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कारकुनाच्या सात वर्षांच्या मुलीला क्रोशेबरोबर दुसरं काय शिकवत होत्या? कादंबरीत त्याबद्दल एक अवाक्षर नसेल तर ती एकतर्फी होईल.

ब्रिजेट_वसई · ११ जून, सकाळी ९:३०

राग नाही आला. माझं घराणं पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालं आणि तेव्हा सगळं राजीखुशीनं झालं असं मी म्हणणार नाही, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला सुरू झालं ते १८१२ पर्यंत चाललं, ते काही मी झाकणार नाही. पण माझी आत्या कुष्ठरोग्यांच्या जखमा धुताना मी डोळ्यांनी बघितलीय. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझंच आहे.

सुरंगी · ११ जून, सकाळी १०:०२

सह्याद्री, हरकत रास्त आहे. नायकाच्या मनात ही भीती आहेच, नवव्या प्रकरणात तो पोरीला महिनाभर शाळेत पाठवत नाही. ती एकदा जेवायच्या आधी छातीवर क्रूस काढते, आजी ताट भिरकावते, आणि तो काही न बोलता पोरीला कडेवर घेऊन मिठागरावर जातो. पण नायिकेच्या बाजूनं मी हे लिहिलं नव्हतं. तिला त्या पोरीचा बाप्तिस्मा हवा आहे का? हवाच असणार. त्यासाठीच तर ती समुद्र ओलांडून आली. आणि त्या बापावर जीव जडल्यावर तिला तो हवासा वाटेनासा झाला तर तिच्या दृष्टीनं ते केवढं मोठं पडणं. हे लिहायला पाहिजे. आभार.

पेजभात · ११ जून, सकाळी १०:१५

धर्म आणि संसार यांच्या मध्ये माणूस कसा फाटतो ते बघायचं तर लांब जायला नको. रेव्हरंड टिळक आमच्या दापोलीकडचे, करजगावचे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, १९०० ला त्यांनी स्वतः घेतला. मधली पाच वर्षं त्या बाईनं काय काढली असतील.

बाकी माझा एक साधा प्रश्न. शुक्रवारी यांना मटण वर्ज्य ना? म्हणजे उपास म्हणून मासे? कोकणात?

ब्रिजेट_वसई · ११ जून, सकाळी १०:२१

हो. आत्या म्हणते इतक्या ठिकाणी बदली झाली, शुक्रवार फक्त कोकणातच गोड लागला.

कागदपत्रं · ११ जून, दुपारी १:५०

पेजभात, माशांवरून समुद्राची बरी आठवण केलीस, आगबोटीचं राहिलंच होतं. सुरंगीनं अठराव्या प्रकरणात नायिकेला जुलैत आगबोटीनं मुंबईला पाठवायचं ठरवलंय असं तिनं मला कळवलं. जुलैत कुठली आगबोट? पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक बंद. मेअखेर शेवटची फेरी, मग नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत होईपर्यंत काही नाही. आणि बोट कधी धक्क्याला लागायची नाही, दूर उभी राहायची, पडावातून माणसं न्यायची आणि लाटेच्या हेलकाव्याबरोबर शिडीवर चढवायची. पायघोळ झग्यातल्या बाईला तर ते कठीणच.

नारळी पौर्णिमेपर्यंत टपाल मात्र आंबोलीच्या घाटानं येत राहील. म्हणजे पत्रं येतात-जातात, माणूस जाऊ शकत नाही. त्यात मिठागरं पावसात बंद, मिठाच्या राशी चुडतांनी शाकारून ठेवलेल्या, कारकुनाला राखणीखेरीज काम कमी. १९०७ ला मिठावरचा कर मणाला १ रुपयावर आला होता, तेवढी बातमी त्याच्या तोंडी घाल, तो खूश असेल.

अडीच-तीन महिने, एक गाव, धो धो पाऊस आणि ही दोघं. मला प्रेमातलं कळत नाही म्हणालो होतो, पण एवढं कळतं.

खाडीवरचा · ११ जून, दुपारी २:०५

कागदपत्रं, तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं.

पुन्हा_घरी · ११ जून, रात्री ११:२६

इथं पहिल्यांदाच लिहितेय. तीन वर्षं नुसती वाचते.

मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये गेले होते आणि नोव्हिस असताना दोन वर्षांनी बाहेर पडले. संघाचं नाव सांगत नाही. मी कुणावर प्रेम बसलं म्हणून निघाले नाही, तरी गावात तेच बोललं गेलं, अजून बोललं जातं. लग्न झालं, दोन मुलं आहेत, नवरा चांगला आहे.

तुम्ही सगळे विचारताय ती कुणाला निवडेल, देवाला की त्याला. आत असताना असं दिसत नाही हो. पहाटे पावणेपाचला घंटा व्हायची, अंधारात आम्ही पंचवीस जणी एका सुरात स्तोत्र म्हणायचो, पाऊस असला की कौलांच्या आवाजात आमचा आवाज बुडून जायचा आणि तरी सगळ्या एकदम थांबायच्या, एकदम सुरू व्हायच्या. ते सुख मला नंतर कशातच मिळालं नाही, मुलांतसुद्धा नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मी ज्याला सोडून आले तेही प्रेमच होतं. सुरंगीताई, तुमच्या नायिकेचं एक प्रेम आधीचं आहे. कारकून दुसरा आला. वाचकाला ते पहिलं प्रेम दिसलं नाही तर ती नुसती अडकलेली बाई वाटेल.

निघायच्या दिवशी मदरनं मला साडी आणि एस.टी.चं भाडं दिलं. झगा घडी करून ठेवायचा होता. माझ्याकडून घडी नीट होईना. शेवटी मदरनंच हातातून घेतला आणि घातली. एक शब्द बोलल्या नाहीत, पण घडी घालताना बाही दोनदा सरळ केली. मुलीच्या शाळेच्या युनिफॉर्मची करतात तशी.

पंधरा वर्षं झाली. अजून पावणेपाचला जाग येते.

माडाखाली · ११ जून, रात्री ११:४०

ताई, लिहीत राहा इथं.

डॉ_कुडाळ · १२ जून, सकाळी ६:३०

रात्रीच्या ड्युटीवर वाचलं. दोनदा बाही सरळ केली, ते डोक्यातून जात नाहीये.

ब्रिजेट_वसई · १२ जून, सकाळी ८:१५

पुन्हा_घरी, तुमचं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की आमच्यातून ज्या गेल्या त्यांच्यासाठी मी रोज एक रहस्य जपते, त्यात तिचंही आलं. (रोझरीतल्या, म्हणजे आमच्या जपमाळेतल्या, एका भागाला आम्ही रहस्य म्हणतो.)

सुरंगी, नावाचा विचार केलास का? झगा मिळतो तेव्हा सिस्टरला पूर्वी नवीन नाव मिळायचं, घरचं नाव सुटायचं. आत्याचं घरचं नाव आता फक्त माझे बाबा घेतात. तुझ्या कारकुनाला तिचं जुनं नाव ठाऊक आहे का?

सुरंगी · १२ जून, सकाळी ९:५०

नाही. तिनं सांगितलेलं नाही. आणि आता कळतंय की अख्ख्या कादंबरीत तेवढीच एक गोष्ट ती त्याला देऊ शकते.

सुरंगी · १५ जून, रात्री ११:०५

तीन दिवस गायब होते, लिहीत होते. शेवट कसा झालाय ते सांगते.

अखेरची व्रतं सप्टेंबरात. आषाढातलं ते बाळंतपण, बरोबरच्या सिस्टरनं बघितलं आणि गप्प बसली. नायिका स्वतःच सगळं लिहून वरिष्ठांना कळवते. पत्र घाटानं जातं. उत्तरात शिक्षा येईल असं तिला वाटतं, येते ती मोकळीक. व्रतांची मुदत संपतेय, मनात शंका असेल तर पुढची व्रतं घेऊ नयेस, घरी जायला हरकत नाही, असं लिहिलेलं. ज्या कागदाची तिनं रात्री भीत भीत इच्छा केली असेल तोच कागद, पण तिच्या प्रेमासाठी नव्हे, तिनं एक मूल जिवंत बाहेर काढलं म्हणून आलेला. तो ती ट्रंकेच्या तळाशी ठेवते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणाला सांगत नाही.

लग्न होत नाही. ती मठातही परत जात नाही. माडाखाली, खाडीवरचा, दोघंही मला माफ करा. पहिल्या बोटीनं ती मुंबईला जाते, सुईणपणाचं रीतसर शिक्षण घ्यायला, साध्या कपड्यात. तीन व्रतांतलं कुठलंही आता तिच्यावर बंधनकारक नाही आणि ती तिन्ही पाळते की नाही ते मी लिहिलेलं नाही. पडावात बसताना ती त्याला आपलं घरचं नाव सांगते. लाटांच्या आवाजात त्याला ते नीट ऐकू येत नाही. तो ‘काय?’ म्हणून ओरडतो आणि ती पुन्हा सांगते, हसत, दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या बंदरासमोर.

नाव वाचकाला कळत नाही. ते त्याचं.

खाडीवरचा · १५ जून, रात्री ११:१९

लग्नापेक्षा बरं झालं.

वकीलकाका_मालवण · १५ जून, रात्री ११:३०

माका पटला. रडवलंस गो पोरी.

सह्याद्री_७ · १६ जून, सकाळी ७:५५

चांगलं आहे. आजीनं ताट भिरकावलं तो प्रसंग मात्र गाळू नका.

कागदपत्रं · १६ जून, सकाळी ९:१०

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी बोट सुटली असं लिहू नकोस. चार-आठ दिवस जाऊ देत, समुद्र बघून सोडायचे.

पुन्हा_घरी · १६ जून, दुपारी २:४०

त्यानं दुसऱ्यांदा ऐकलं ना? एवढंच विचारायचं होतं.

सुरंगी · १६ जून, दुपारी २:४४

ऐकलं.

ब्रिजेट_वसई · १६ जून, रात्री ८:२०

आत्याला सगळं वाचून दाखवलं. शेवटाबद्दल काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलंय की त्या मुलीचं क्रोशे पुरं झालं का.

सुरंगी · १६ जून, रात्री ८:५१

आत्यांना सांग, पणजीचा तुकडा आत्ता समोर घेऊन बसलेय. वीतभर विणलाय आणि शेवटच्या ओळीत सुई तशीच अडकवून ठेवलेली आहे.